क्रेटच्या पोटात क्रेट, आणि तरी गाणं सापडेना: डीजे लायब्ररी लावायची माझी पद्धत

खारेगावातली हळद, रात्रीचे नऊ वीस. नवरीची आत्या कन्सोलपाशी आली. "दादूस, तो होरीचा गाना लाव ना, आमचे येलचा." (होरी म्हणजे होडी.) मी सर्चमध्ये शब्द टाकला. शून्य गाणी. स्पेलिंग बदललं. परत शून्य. गाणं माझ्याकडे होतं, त्याच आठवड्यात दिवा गावातल्या ऑर्डरला (म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला) वाजवलं होतं. आत्या थोडा वेळ थांबली आणि हात झटकून नाचायला परत गेली. दहाला दहा कमी असताना माझ्या लक्षात आलं, की मी 'जेवण' नावाच्या क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे डीजे सॉफ्टवेअरमधली गाण्यांची यादी) उभा राहून शोधत होतो. गाणं शेजारच्या क्रेटच्या पोटातल्या क्रेटमध्ये होतं, आणि सर्च तिथे जात नव्हता.

त्या रात्रीनंतर दोन महिने खर्चून मी लायब्ररी मुळापासून लावली. मी सेराटो या डीजे सॉफ्टवेअरवर वाजवतो, भाऊ रेकॉर्डबॉक्सवर, आणि जुन्या लॅपटॉपवर राखीव म्हणून मिक्स (Mixxx) आहे (हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि त्याचा सर्च पैसेवाल्यांना लाजवतो). त्यामुळे पुढच्या पायऱ्या तिन्हीकडे करून पाहिलेल्या आहेत. व्हर्च्युअल डीजेवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

एक गाणं तीन ठिकाणी 'राहतं'. हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये त्याची फाइल असते. त्या फाइलच्या आत टॅग असतो, म्हणजे नाव, गायक, जॉनर, वर्ष, कॉमेंट. आणि सॉफ्टवेअरमध्ये क्रेट किंवा प्लेलिस्ट असते, तिच्यात फक्त त्या फाइलचा पत्ता असतो. एकच गाणं सहा क्रेटमध्ये टाकलं तरी डिस्कवर जागा एकाच फाइलची लागते, आणि क्रेटमधून काढलं तरी फाइल जागेवर राहते. (सेराटोमध्ये कंट्रोल आणि शिफ्टसकट डिलीट दाबलंत तर मात्र फाइल थेट कचऱ्यात जाते. सेटिंगमध्ये 'प्रोटेक्ट लायब्ररी' आहे, ती खूण आजच करून टाका.)

नवीन मुलं इथेच घोळ करतात. डिस्कवरच्या फोल्डरांनीच सगळं वर्गीकरण करायला बघतात, मग कोळी गाण्याचं हिंदी शब्द घातलेलं रिमिक्स 'मराठी'त टाकायचं की 'रिमिक्स'मध्ये यावर अर्धा तास जातो, आणि शेवटी दोन्हीकडे कॉपी मारतात. वर्षभरात लायब्ररीत एकाच गाण्याच्या चार प्रती, त्यातल्या एकीवरच क्यू पॉइंट (गाण्यातल्या ठरावीक जागी उडी मारायच्या खुणा) लावलेले, आणि मांडवात हाताला लागते ती नेमकी दुसरी.

पायरी १: डिस्कवरचे फोल्डर कंटाळवाणे ठेवा

माझी जुनी रचना अशी होती: मराठी, त्यात लोकसंगीत, त्यात कोळी, त्यात गायक, त्यात अल्बम, त्यात 'सीडी १'. दिसायला शिस्तीची. पण विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला पूर्वापार २६० अक्षरांची मर्यादा आहे, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या गाण्यांची नावं किती लांबलचक असतात ते तुम्हाला माहीत आहे. खोल फोल्डर आणि लांब नाव एकत्र आलं की कॉपी करताना मधलीच काही गाणी मागे राहतात.

आता एकच मुख्य फोल्डर आहे. त्यात वर्षाचे फोल्डर, त्यात महिन्याचे. गाणं ज्या महिन्यात आलं त्या महिन्यात पडतं. विचार करायचाच नाही. जूनमध्ये आलेली लावणी आणि जूनमध्ये आलेलं पंजाबी गाणं शेजारी शेजारी बसतात, काही बिघडत नाही, कारण मी तिथे जाऊन गाणं शोधणारच नाही. बॅकअपलाही हे बरं: चालू महिन्याचा फोल्डर कॉपी केला की झालं.

जुना पसारा हलवायचा असेल तर एका बैठकीत हलवा. रोज थोडं थोडं करू नका. फाइल हलली की सॉफ्टवेअरच्या वहीतला पत्ता खोटा ठरतो आणि गाणं वेगळ्या रंगात किंवा उद्गारचिन्हासकट दिसू लागतं. आधी पूर्ण बॅकअप, मग एकदाच हलवणं, मग सेराटोत 'रिलोकेट लॉस्ट फाइल्स' किंवा रेकॉर्डबॉक्सच्या फाइल मेनूतून 'डिस्प्ले ऑल मिसिंग फाइल्स' उघडून नवा पत्ता दाखवणं. हे रात्री लावून झोपायचं काम आहे, ऑर्डरच्या दिवशी दुपारी करायचं नाही.

गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिला वर्णमालेतलं उशिराचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. नाहीतर आज ई ड्राइव्ह, उद्या साउंडवाल्याचा पेन ड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ, आणि सॉफ्टवेअरला तुमची निम्मी गाणी हरवल्यासारखी वाटतात.

पायरी २: टॅग. सगळी मेहनत इथे

सर्च फाइलच्या आतला टॅग वाचतो, आणि अक्षरन् अक्षर वाचतो. त्याला मराठी येत नाही. 'झाली' हा शब्द रोमन लिपीत कोणी झेडने लिहितो, कोणी जे-एचने, कोणी नुसत्या जेने. 'वाजले'चा व कोणाकडे व्ही, कोणाकडे डब्ल्यू. 'होडी'चा ड कोणाला डी वाटतो, कोणाला आर. माणसाला हे सगळे एकच, सर्चला तीन वेगळी गाणी.

आणि देवनागरीत लिहिलं की सुटलो, असंही नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक तर ॲ हे स्वतंत्र अक्षर, नाहीतर अ वर चंद्र चढवून. डोळ्याला सारखंच दिसतं, पण आतले आकडे वेगळे. एका तऱ्हेने टॅग लिहिला आणि दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर सापडेलच याची खात्री नाही. 'दुसऱ्या'मधल्या र-ची भानगडही तीच. तो अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. त्यात जुन्या एमपीथ्री सीड्यांवरून घेतलेली गाणी असतील, तर मराठीच्या जुन्या फाँटात लिहिलेली नावं आज नुसती चिन्हांची खिचडी दिसतात.

माझा तोडगा असा. गाण्याचं मूळ नाव जसं आलं तसं राहू द्यायचं, फक्त खिचडी असेल तर दुरुस्त करायची. शोधायचे शब्द मात्र वेगळे, कॉमेंटच्या रकान्यात, कायम रोमन लिपीत आणि कायम माझ्या एकाच स्पेलिंगने. अंधारात, एका हाताने, कीबोर्डची भाषा बदलत बसायला वेळ नसतो. नियम कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत: झ म्हणजे जे-एच, व म्हणजे व्ही, ळ आणि ल दोन्ही एल, दीर्घ स्वराला दोन अक्षरं नाहीत. तुमचे नियम वेगळे असोत, पण बदलू नका.

त्या रकान्यात काय लिहायचं? दोन प्रकारचे शब्द.

पहिला, लोक गाण्याला काय म्हणतात ते. फर्माईश करणाऱ्याला गाण्याचं नाव क्वचितच माहीत असतं. गायकाचं तर नाहीच. तो म्हणतो, "ते होडीचं", "ते म्हावऱ्याचं", "ते पोरीला नेतात तेव्हा वाजतं ते". म्हणून माझ्या त्या गाण्याच्या कॉमेंटमध्ये 'होडी', 'होरी' आणि 'नाव' (होडीलाच नावही म्हणतात) हे तिन्ही शब्द आहेत. बाळकुम, कोलशेत, चेंदणी कोळीवाडा, प्रत्येक ठिकाणी एकाच गाण्याला थोडं वेगळं नाव असतं. ऑर्डरवरून आलो की नवीन ऐकलेला शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी टॅगमध्ये जातो. या एका सवयीने जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने केला नाही.

दुसरा, माझी खुणेची अक्षरं. 'हळद' असं लिहिलं तर नावात हळद असलेली पन्नास गाणीही सर्चमध्ये येतील. म्हणून मी रोमन क्यू-पासून सुरू होणाऱ्या जोड्या घेतल्या. मराठी-हिंदी गाण्यांच्या स्पेलिंगमध्ये क्यू आला तर कव्वालीत वगैरे येतो. क्यू-एच सहसा कुठे येत नाही. तर क्यू-एच म्हणजे हळदीला चालणारं, क्यू-के म्हणजे आगरी-कोळी, क्यू-जे म्हणजे ज्येष्ठांना आवडणारं, आणि क्यू-एक्स म्हणजे सोसायटीच्या पूजेला चुकूनही लावायचं नाही. शेवटची खूण घोडबंदर रोडवरच्या एका बारशाने शिकवली, तपशील नको.

विंडोजवर या कामाला एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. लिनक्स आणि मॅकवर किडथ्री चालतं. शंभर गाणी एकदम निवडून कॉमेंट भरता येते. नंतर सेराटोत 'रीस्कॅन आयडीथ्री टॅग्ज' करायला विसरू नका, नाहीतर त्याला जुनंच दिसत राहतं. रेकॉर्डबॉक्समध्ये 'माय टॅग' म्हणून खुणांची वेगळी सोय आहे. प्रेफरन्सेसमध्ये माय टॅग कॉमेंटमध्येही लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत फाइलसोबत येते. वेव्ह फाइलवर टॅगचा भरवसा धरू नका. दर्जा हवा असेल तर एआयएफएफ किंवा फ्लॅक घ्या.

किती गाण्यांना हे करायचं? सगळ्यांना नाही. सेराटोत 'प्लेज'चा रकाना असतो, एकदाही न वाजलेली गाणी सोडून द्या. माझी खरी वाजणारी गाणी हजाराच्या आसपासच निघाली. रोज चाळीस, एक महिना.

पायरी ३: बीपीएम, आणि सहा मात्रांचा झोका

बीपीएमवरून (म्हणजे मिनिटाला किती ठोके यावरून) शोधणार असाल तर आकडा खरा पाहिजे. आपल्या गाण्यांत तो बरेचदा खोटा असतो. सॉफ्टवेअर मनात चार ठोके धरून चालतं. कोळी गाण्याची चाल बहुतेक वेळा सहा मात्रांच्या झोक्याची, होडी हलावी तशी. मग सॉफ्टवेअर कधी दीडपट मोजतं, कधी दोन तृतीयांश. पाय १०० ला पडतायत आणि पडद्यावर १५० किंवा ६७. शिवाय दुप्पट-निम्म्याचा नेहमीचा गोंधळ आहेच, ७५ चं १५०.

उपाय जुनाच: टॅप बटण. गाणं लावा, नाचणाऱ्याचा पाय जिथे पडेल तिथे टॅप करा, आकडा पक्का झाला की कुलूप लावा. मिक्समध्ये 'लॉक बीपीएम', रेकॉर्डबॉक्समध्ये 'ॲनालिसिस लॉक'. कुलूप लावलं नाही तर पुढच्या ॲनालिसिसला सॉफ्टवेअर तुमची दुरुस्ती पुसून आपलं शहाणपण परत लिहितं. जुनी रेकॉर्डिंग हाताने वाजवलेली असतात, ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. तिथे रेकॉर्डबॉक्सचा 'डायनॅमिक' ॲनालिसिस बरा पडतो. तरी अशी गाणी मी सिंक (सॉफ्टवेअरने आपोआप लय जुळवणं) लावून मिसळत नाही. कानाने.

स्वराचा रकाना, म्हणजे ८ए, ८बी वगैरे, ठेवा; ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर, आणि आकडा शेजारचा असला की गाणी सहसा भांडत नाहीत. हळदीत याची गरज मला फारशी पडलेली नाही. लाउंजमध्ये वाजवत असाल तर पडेल.

पायरी ४: क्रेटची झाडं, दोन फांद्यांच्या पुढे नाही

आता क्रेट. सेराटोत एक क्रेट दुसरीवर ओढून टाकली की ती तिची सब-क्रेट होते. रेकॉर्डबॉक्समध्ये फोल्डरमध्ये प्लेलिस्ट जाते, प्लेलिस्टमध्ये प्लेलिस्ट जात नाही. मिक्सच्या क्रेट सपाट असतात, तिथे नावातच 'हळद - नाच' असं लिहून काम भागवावं लागतं.

नावं ऑर्डरवरून द्या, जॉनरवरून नको. जॉनर टॅगमध्ये आहेच. माझ्याकडे वरची फांदी ऑर्डरची: हळद, संगीत, सोसायटी, हंडी. तिच्या आत प्रसंगाचा क्रम, पुढे आकडा लावून, म्हणजे यादी वर्णक्रमाने न लागता कार्यक्रमाच्या क्रमाने लागते. हळदीचं झाड असं आहे:

०१ माणसं येतायत
०२ हळद लागतेय
०३ आगरी-कोळी जुनी
०४ आगरी-कोळी बॅन्जो आणि रिमिक्स
०५ हिंदी नाच
०६ जेवण
०९ शेवटचा अर्धा तास
९९ तपासायचं

०२ मध्ये मुद्दाम कमी गाणी आहेत. आगरी लग्नात धवलारीण (लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई) धवले म्हणत असेल, तेव्हा डीजेने आवाज पूर्ण खाली घ्यायचा असतो. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

आता माझी आत्याबाईंसमोरची फजिती. सेराटोमध्ये वरच्या क्रेटवर क्लिक केलं की मूळ सेटिंगमध्ये फक्त तिच्यात थेट टाकलेली गाणी दिसतात, पोटातल्या क्रेटमधली नाहीत. सेटिंगमधल्या लायब्ररीच्या पानावर 'इन्क्लूड सबक्रेट ट्रॅक्स' असा पर्याय आहे. तो चालू केला की 'हळद'वर उभं राहून सगळ्या हळदीत शोधता येतं. आणि सर्च नेहमी निवडलेल्या क्रेटपुरता चालतो, हे विसरू नका. पूर्ण लायब्ररीत शोधायचं तर आधी सगळ्यात वर 'ऑल'वर जायचं. रेकॉर्डबॉक्समध्ये तेच काम 'कलेक्शन'वर जाऊन, मिक्समध्ये 'ट्रॅक्स'वर जाऊन. व्हर्च्युअल डीजेमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून आतल्या फोल्डरांसकट गाणी दाखवता येतात; तिथे मात्र आधी सगळे फोल्डर सर्च डेटाबेसमध्ये घातलेले हवेत, न घातलेलं गाणं सर्चपुरतं नसल्यासारखंच.

तिसरी फांदी काढायचा मोह होईल. मलाही झाला: ०३ मध्ये 'ठाण्याकडची' आणि 'उरणकडची'. आठवड्यात मोडली. तिसऱ्या पातळीवर काय आहे ते मांडवात आठवत नाही, आणि झाड उघडत-मिटत बसलं की चालू गाणं संपतं.

पायरी ५: आपोआप भरणाऱ्या क्रेट

सेराटोत 'स्मार्ट क्रेट', रेकॉर्डबॉक्समध्ये 'इंटेलिजंट प्लेलिस्ट', व्हर्च्युअल डीजेमध्ये 'फिल्टर फोल्डर'. तुम्ही नियम सांगायचे, गाणी ते भरतं. टॅगची पायरी टाळली असेल तर इथे काहीच हाती लागत नाही. केली असेल तर ही पायरी दहा मिनिटांची आहे.

माझ्या तीनच आहेत. एक: कॉमेंटमध्ये क्यू-के, बीपीएम ९५ ते ११५. दुसरी: कॉमेंटमध्ये क्यू-जे, वर्ष १९९० च्या आधीचं, साडेआठच्या सुमारास आजी मंडळी खुर्च्यांवरून उठतात ती हिच्यामुळे. तिसरी: गेल्या महिन्यात आलेली आणि कॉमेंट रिकामी असलेली, म्हणजे माझी बाकी राहिलेली कामं. सेराटोत 'लाइव्ह अपडेट'ची खूण असते, ती चालू ठेवली तर क्रेट सतत ताजी राहते. लायब्ररी मोठी आणि लॅपटॉप जुना असेल तर वाजवताना ती बंद ठेवलेली बरी.

मिक्समध्ये हेच सर्चच्या चौकटीत लिहून होतं. रकान्याचं इंग्रजी नाव, कोलन, आणि मग हवं ते. बीपीएम कोलन ९५-११५ लिहिलं की तेवढीच. पुढे उणे चिन्ह लावलं की 'हे सोडून'. दोन अटींमध्ये नुसती मोकळी जागा सोडली की दोन्ही पाळणारी गाणी येतात. सोसायटीच्या पूजेला मी चौकटीत आधीच उणे, कॉमेंट, कोलन, क्यू-एक्स लिहून बसतो.

पायरी ६: शोधायचा हात बसवा

पूर्ण शब्द टाइप करू नका. दोन शब्दांची पहिली तीन-तीन अक्षरं पुरतात, आणि जितकी अक्षरं कमी तितक्या चुका कमी. सर्चच्या चौकटीत जायचा शॉर्टकट पाठ हवा, सेराटोत कंट्रोल-एफ. आणि शोधून झालं की चौकट रिकामी करा. जुना शब्द तिथेच राहिला की पुढच्या क्रेटमध्ये गेल्यावर ती रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो.

ऑर्डरच्या आदल्या रात्री मी आईला सोफ्यावर बसवतो आणि दहा फर्माईशी करायला सांगतो. ती नाव कधीच सांगत नाही, नुसतं वर्णन करते, कधी चाल गुणगुणते. वीस सेकंदांत नाही सापडलं तर गाणं '९९ तपासायचं'मध्ये, आणि तिने वापरलेला शब्द कॉमेंटमध्ये.

दहाचा काटा

'०९ शेवटचा अर्धा तास' ही क्रेट वेगळी का, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण घरच्या हळदीला त्याचा आधार घेता येत नाही. म्हणजे साडेनऊनंतर हातात सात-आठ गाणीच असतात, आणि सगळ्यांच्या फर्माईशी त्याच वेळी येतात. या क्रेटमध्ये मी वीसच गाणी ठेवतो, प्रत्येकाला तीन मिनिटांच्या आत संपवता येईल असा क्यू पॉइंट लावून. शेवटचं गाणं ठरलेलं, ते ९:५५ ला सुरू.

बॅकअपबद्दल थोडक्यात. गाणी परत मिळतात, क्रेट मिळत नाहीत. सेराटोची वही म्युझिक फोल्डरमधल्या सेराटो नावाच्या फोल्डरमध्ये असते, आणि बाहेरच्या डिस्कवर गाणी असतील तर त्या डिस्कवरही तशीच एक. दोन्ही कॉपी करा. आतल्या 'सबक्रेट्स' फोल्डरात डोकावलंत तर गंमत दिसेल, झाड प्रत्यक्षात सपाटच आहे: वरच्या क्रेटचं नाव, दोन टक्क्यांची चिन्हं, पोटातल्या क्रेटचं नाव. रेकॉर्डबॉक्समध्ये फाइल मेनूत 'बॅकअप लायब्ररी' आहे. पेन ड्राइव्हवर नेणार असाल तर तो एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा, भाड्याने मिळणारे जुने प्लेअर एनटीएफएस वाचत नाहीत.

परवा कोलशेतच्या हळदीत एक काका आले, हाताने वल्हं मारून दाखवलं, तोंडाने काही बोललेच नाहीत. 'वल्हं' हा शब्द माझ्या कॉमेंटमध्ये नव्हता. 'होरी' टाकून गाणं लावलं, आणि सकाळी उठून तोही लिहिला.